व्हाया बेव्हेरन

आमच्या धंद्यात माल कुठून निघाला आणि कुठे उतरणार यापेक्षा मधल्या मुक्कामाची चौकशी जास्त होते. न्हावा शेवाहून निघालेला बॉक्स, म्हणजे कंटेनर, कोलंबोला उतरतो, यार्डात चार-सहा दिवस पडून राहतो आणि दुसऱ्या व्हेसलवर चढतो. आम्ही त्याला नुसतं 'टीएस' म्हणतो, ट्रान्सशिपमेंटचं. कोलंबोत तो बॉक्स कुणी उघडत नाही, आत काय आहे हे कुणी विचारत नाही. पार्टीचा फोन आला की आम्ही ठरलेलं उत्तर देतो, "माल व्हाया कोलंबो आहे साहेब, येईल."

२०१८ च्या ऑक्टोबरात ऑफिसने मला तीन आठवड्यांसाठी बेल्जियममधल्या अँटवर्पला पाठवलं. शहरातल्या हॉटेलांचे दर आमच्या अकाउंट्सवाल्यांना झेपणारे नव्हते, म्हणून मी नदीपलीकडे बेव्हेरन नावाच्या गावात खोली घेतली. शेल्ड नदीच्या डाव्या तीरावरचं अँटवर्पचं बंदर बरंचसं याच गावाच्या हद्दीत येतं. वस्ती जेमतेम अर्ध्या लाखाच्या आसपास. चर्च, चौक, बेकरी, सायकलींची रांग. संध्याकाळी सातनंतर उरणच्या बाजारपेठेत जेवढा आवाज असतो तेवढा इथे वर्षभरात होत नसावा, असं पहिल्या दिवशी वाटलं.

घरमालक सत्तरीचे, बंदरात गोदी कामगार म्हणून जन्म काढलेले. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच तोडकं, त्यामुळे आमचं उत्तम जमलं. मी कंटेनरच्या धंद्यातला आहे म्हटल्यावर त्यांनी हाताचे तळवे उलटे करून दाखवले. त्यांच्या तरुणपणी बॉक्स नव्हते, पोती होती. खोलीत जायच्या जिन्यावर एक फोटो टांगलेला होता. पिवळी जर्सी, निळी चड्डी, अकरा माणसं दोन ओळींत, मागे चिखलाचं मैदान. खाली शाईने आकडा लिहिलेला : २३००.

मला वाटलं, फोटोचा नंबर असेल. तो क्लबचा नंबर निघाला.

बेल्जियममध्ये फुटबॉल महासंघाने १९२६ साली प्रत्येक क्लबला नोंदणीच्या क्रमाने एक आकडा दिला. पहिला नंबर अँटवर्पचा, तिसरा क्लब ब्रुखचा, अँडरलेख्ट पस्तिसावा. पुढे जो क्लब नोंदला जाईल त्याला पुढचा आकडा. या आकड्याला ते 'स्टामनंबर' म्हणतात. 'स्टाम' म्हणजे झाडाचं खोड किंवा वंश. नाव बदलता येतं, जर्सीचा रंग बदलता येतो, मैदान बदलता येतं, पण जुन्या नियमाने क्लब म्हणजे हा आकडा. दिवाळं निघालं, किंवा दुसऱ्या क्लबात विलीन होताना दुसऱ्याचा आकडा ठेवला, की आपला आकडा कायमचा जातो आणि त्या आकड्याने मिळवलेली अजिंक्यपदंही त्याच्याबरोबर जातात. सातबाऱ्यावरून नाव उडावं तसं. लोक अंगावर हा आकडा गोंदवून घेतात. घरमालक आजोबांनी गोंदवला नव्हता, पण एटीएमचा पिन तोच होता. हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, म्हणजे बघा.

२३०० नंबरचा क्लब 'स्पोर्टक्रिंग बेव्हेरन' १९३०च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला. अँटवर्प, ब्रसेल्स आणि लीएजच्या मोठ्या क्लबांपुढे तो गल्लीतलाच. वर चढत चढत १९६७ मध्ये पहिल्या श्रेणीत आला आणि तीन वर्षांत युरोपात खेळू लागला. १९७०-७१ च्या मोसमात फेअर्स कपमध्ये या गाववाल्यांनी स्पेनच्या व्हॅलेन्सियाला घरी पाठवलं. पुढच्या फेरीत लंडनच्या आर्सेनलने त्यांना तिकडे ४-० ने हरवलं, इकडे ०-० झाली. आर्सेनलचं नाव लक्षात ठेवा, ते परत यायचं आहे.

फोटोतल्या मधल्या माणसाकडे आजोबांनी बोट दाखवलं. कुरळे केस, हातमोजे, ओठांवर खोडकर हसू. जाँ-मारी फाफ. जवळच्याच लेबेके गावचा, १९५३ चा जन्म. कुटुंब फिरत्या धंद्यावर जगणारं, घर म्हणजे कारवाँ, आणि पोरांचा गोतावळा. असा मुलगा बेव्हेरनच्या गोलमध्ये उभा राहिला आणि १९७८ साली बेल्जियमचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून 'सोनेरी बूट' घेऊन गेला. त्याच वर्षी क्लबने बेल्जियन कपही जिंकला होता. मग आला १९७८-७९ चा मोसम. आजोबा तो सांगताना खुर्चीवरून उठायचे.

रोबेर्ट खूथाल्स प्रशिक्षक. पुढे जर्मन एर्विन अल्बर्ट, ज्याने त्या मोसमात लीगमध्ये २८ गोल ठोकले. कप-विजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत समोर कोण, तर इंटर मिलान. सान सिरोवर ०-०. परतीचा सामना फ्रेथीलवर. फ्रेथील म्हणजे बेव्हेरनचं मैदान, घरांच्या मागच्या बाजूला, चौकातून चालत जावं इतकं जवळ. तिथे इटलीचा तो बलाढ्य क्लब आला आणि १-० ने हरून गेला. उपांत्य फेरीत बार्सिलोनाने दोन्ही सामने १-० असे जिंकले आणि पुढे चषकही त्यांनीच नेला. पण त्याच मे महिन्यात अँडरलेख्टला मागे टाकून बेव्हेरन बेल्जियमचं अजिंक्य ठरलं. १९८३ मध्ये पुन्हा कप आणि १९८४ मध्ये उर्बेन ब्राम्सच्या हाताखाली दुसरं अजिंक्यपद. अर्ध्या लाख वस्तीच्या गावाने हे सगळं सहा वर्षांत केलं.

"तुमच्याकडे तेव्हा पैसा कुठून आला?" मी धंद्याचा प्रश्न विचारला.

"पैसा नव्हता," आजोबा म्हणाले. "पोरं होती आणि ती कुठे जाऊ शकत नव्हती."

मला हे उत्तर नंतर कळलं. त्या काळी करार संपला तरी खेळाडू क्लबचाच राहायचा. दुसऱ्याला हवा असेल तर त्याने किंमत मोजायची. गावातली, शेजारच्या वाड्यांतली पोरं घ्यायची, वाढवायची, आणि विकली तर त्या पैशात पुढची वाढवायची, असं ते चक्र होतं. फाफ १९८२ मध्ये बायर्न म्युनिकला गेला. तिथला त्याचा पहिलाच सामना ब्रेमेनमध्ये, आणि त्यात समोरच्याने हाताने टाकलेला लांब थ्रो-इन याच्या बोटांना लागून गोलमध्ये गेला. थ्रो-इन थेट गोलमध्ये गेला तर गोल धरत नाहीत, त्याने हात लावला नसता तर काही झालं नसतं. बायर्न हरलं ०-१ ने. तरी १९८६ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध पेनल्टी अडवून त्याने बेल्जियमला उपांत्य फेरीत नेलं, आणि म्हातारपणी स्वतःच्या कुटुंबावरची टीव्ही मालिका दहा वर्षं चालवली. आजोबांना ती मालिका अजिबात आवडत नव्हती. एकही भाग चुकवला नव्हता.

हे चक्र तोडलं ते एका बेल्जियन माणसानेच. जाँ-मार्क बोस्मान, लीएजचा खेळाडू. करार संपल्यावरही आपल्याला सोडत नाहीत म्हणून तो कोर्टात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. करार संपला की खेळाडू मोकळा, क्लबला एक पैसा नाही. निकाल न्यायाचाच होता, त्यात वाद नाही. पण वाढवून विकणाऱ्या गावांचा धंदा त्या दिवशी बसला. बेव्हेरन वर-खाली होत राहिलं आणि नवं शतक उजाडेपर्यंत तिजोरीत खडखडाट झाला.

आणि इथे माझ्यातला शिपिंगवाला कान टवकारून बसला.

जाँ-मार्क गियू हा फ्रान्सकडून खेळलेला माणूस. कान शहराच्या क्लबात तो प्रशिक्षक असताना त्याच्या हाताखाली एक तरुण सहायक होता, आर्सेन वेंगर. पुढे वेंगर आर्सेनलचा सर्वेसर्वा झाला आणि गियू आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला गेला. आबिजान शहरातल्या आसेक मिमोसा क्लबाबरोबर त्याने १९९०च्या दशकात अकादमी उघडली. दहा-बारा वर्षांची पोरं निवडायची, राहायला जागा द्यायची, शाळा शिकवायची आणि अनवाणी पायांनी चेंडू इतका घोळवायला लावायचा की तो पायाला चिकटलाच पाहिजे. १९९९ मध्ये याच विशीच्या आतल्या पोरांनी आफ्रिकेच्या सुपर कपमध्ये ट्युनिशियाच्या एस्पेरान्सला ३-१ ने हरवलं. माल तयार होता. अडचण होती ती मधल्या बंदराची.

इंग्लंडमध्ये युरोपाबाहेरच्या खेळाडूला परवाना मिळवायचा तर देशाकडून पुरेसे सामने खेळलेला असावा लागे. अठरा वर्षांच्या पोराकडे ते कुठून असणार? बेल्जियममध्ये मात्र परदेशी खेळाडू किती घ्यावेत यावर मर्यादाच नव्हती. २००१ मध्ये गियू बेव्हेरनमध्ये आला, पैसे घेऊन. पाठोपाठ आबिजानची पोरं आली. याया तूरे, आर्थर बोका, यापी यापो, मग एमानुएल एबुए, रोमारिक, गोलकीपर बूबाकार बारी, सगळ्यात शेवटी जेर्व्हिन्यो. काही सामन्यांत तर मैदानावरच्या अकरांत पांढरा चेहरा शोधावा लागे. उलट दिशेने आर्सेनलने आपलेही काही खेळाडू उसने पाठवले. २००६ मध्ये बीबीसीच्या 'न्यूजनाइट' कार्यक्रमाने बातमी फोडली की आर्सेनलने २००१ साली बेव्हेरनच्या मदतीसाठी दहा लाख पौंड दिले होते. आर्सेनलचं म्हणणं पडलं की ते कर्ज होतं, मालकी नव्हे. चौकशी झाली, नियमभंग काही निघाला नाही आणि प्रकरण मिटलं.

मी ही गोष्ट ऐकत होतो आणि डोळ्यांसमोर आमचा कागद येत होता. लोडिंग पोर्ट आबिजान, डिस्चार्ज पोर्ट लंडन, व्हाया बेव्हेरन. सकाळी मी डर्गांक डॉकवर उभा राहून क्रेनने उचललेले बॉक्स बघायचो, आणि संध्याकाळी हे ऐकायचो.

"तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

आजोबांनी बिअरचा घोट घेतला, ग्लास बरोबर त्याच पुठ्ठ्याच्या चकतीवर ठेवला. मग सांगायला लागले. पहिल्या मोसमात त्यांचा शेजारी मैदानावर येणं बंद झाला. ही आमची टीम नाही, म्हणाला. ड्रेसिंगरूममध्ये फ्रेंच बोलायचे, आणि डच बोलणाऱ्या फ्लेमिश गावात फ्रेंच बोलणं म्हणजे काय ते आपल्याला सीमाभागाकडे बघितलं की कळतं. २००४ च्या मे महिन्यात याच पोरांनी क्लबला बेल्जियन कपच्या अंतिम फेरीत नेलं, तिथे क्लब ब्रुखकडून ४-२ ने हरले, पण युरोपचं तिकीट मिळालं. आणि पुढच्याच महिन्यात झालेल्या प्रादेशिक निवडणुकीत, परदेशी लोकांना हाकला म्हणणाऱ्या व्लाम्स ब्लॉक पक्षाला फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या या डचभाषक भागात, जवळपास २४ टक्के मतं पडली.

"तीच माणसं," आजोबा म्हणाले. "शनिवारी बोकाच्या नावाने ओरडायची आणि रविवारी मतदानाला जायची." ते स्वतः कुणाला मत देत हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

राग त्यांना वेगळ्या गोष्टीचा होता. पोरं थांबत नव्हती. एखाद्याचा खेळ डोळ्यात भरला, नाव तोंडात बसलं, की तो गेला. याया तूरे दोन मोसम खेळला. २००३ च्या उन्हाळ्यात आर्सेनलने त्याला चाचणीसाठी बार्नेटविरुद्धच्या एका सराव सामन्यात उतरवून बघितलं, काही जमलं नाही, आणि तो थेट युक्रेनमध्ये दोनेत्स्कला गेला. पुढे बार्सिलोना, मँचेस्टर सिटी, सलग चार वर्षं आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू. एबुए तेवढा खरंच आर्सेनलला पोचला. २००६ च्या विश्वचषकात आयव्हरी कोस्टचा संघ पहिल्यांदाच उतरला तेव्हा त्यात निदान सहा जण बेव्हेरनहून गेलेले होते. त्या वर्षी बेल्जियम मात्र पात्रच ठरलं नव्हतं. आजोबांनी त्या उन्हाळ्यात टीव्हीसमोर बसून आयव्हरी कोस्टला पाठिंबा दिला. "माझी ओळखीची माणसं तीच होती ना," म्हणाले.

त्यांच्याकडे त्या काळातली एक आठवण आहे, ती मला सगळ्या निकालांपेक्षा जास्त आवडते. जानेवारीतली सकाळ, रात्री बर्फ पडलेलं. आजोबा पाळीवरून सायकलने परत येत होते. बस थांब्यावर दोन सावळी पोरं उभी, अंगात क्लबचे ट्रॅकसूट, हातमोजे नाहीत, आणि ती थांब्याच्या छपरावरून खाली घसरलेलं बर्फ बुटाच्या टोकाने वर उडवून खेळवत होती. एकाने उडवायचं, दुसऱ्याने मांडीवर झेलायचं, बर्फ फुटायचं, दोघं हसायची. बस आली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. चालकाने हॉर्न दिला. कोण होती ती पोरं, आजोबांना माहीत नाही. टोप्या कानापर्यंत ओढलेल्या होत्या.

बॉक्स असं करत नाही. तेवढ्यासाठी मला माझी उपमा परत घ्यावी लागते, आणि तरी पूर्ण घेववत नाही. कारण गियू २००६ मध्ये गेला, नळ बंद झाला, आणि २००७ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीतून घसरला. बदलीच्या बंदराचं असंच असतं. जहाजवाल्यांनी मार्ग बदलला की यार्ड एका महिन्यात रिकामं होतं आणि मागे उरतात ते फक्त स्थानिक.

२०१० मध्ये कर्जात बुडालेल्या बेव्हेरनची रेड स्टार वासलँड नावाच्या क्लबाशी सोयरीक झाली. रेड स्टार मूळचा हासडोंकचा, म्हणजे बेव्हेरनच्याच हद्दीतल्या एका वाडीचा. मैदान फ्रेथील राहिलं, रंग पिवळा-निळा राहिला, नाव झालं वासलँड-बेव्हेरन. पण आकडा ठेवला तो रेड स्टारचा, ४०६८. आणि २३०० गेला. इंटरला हरवणारा, दोनदा अजिंक्य ठरलेला, फाफचा आणि यायाचा क्लब कागदावर त्या दिवशी संपला. काही चाहत्यांना हे सहन झालं नाही. त्यांनी पुढच्या वर्षी स्वतःचा पिवळा-निळा क्लब काढला आणि सगळ्यात खालच्या, प्रांतातल्या चौथ्या श्रेणीपासून खेळायला सुरुवात केली. एकाच गावात एक क्लब मैदानवाला आणि एक आठवणीवाला. आजोबा दोन्हीकडे जात. शनिवारी इकडे, रविवारी तिकडे. "घर एक, चुली दोन" असं मी त्यांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, ते म्हणाले, स्वयंपाकघर एकच आहे, वर भाडेकरू राहतो. मी सोडून दिलं.

उरणच्या माणसाला खरं तर आकड्याचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. आमचं बंदर झालं तेव्हा शेवा कोळीवाडा उठला आणि लोकांना दुसरीकडे हनुमान कोळीवाडा म्हणून वसवलं. जुनी माणसं अजून 'आमच्या शेव्याला' म्हणतात, आणि तिथे आज जायचं तर बंदराचा पास लागतो. बेव्हेरनच्या हद्दीतही असंच डूल नावाचं गाव आहे. बंदर वाढवायचं म्हणून दशकानुदशकं माणसं हलवत हलवत रिकामं झालेलं. एका रविवारी मी सायकलने तिथे गेलो. घरांची दारं लोखंडी पत्र्यांनी बंद, भिंतीभर रंगवलेली चित्रं, बांधावर जुनी दगडी पवनचक्की आणि तिच्या डोक्यावरून दिसणारे अणुवीज केंद्राचे दोन अजस्र मनोरे. त्यांतून वाफ निघत होती. एका घराच्या बंद दारावर कुणीतरी पिवळ्या-निळ्या रंगाचं स्टिकर चिकटवलं होतं, पावसाने कोपरे उठलेलं. आकडा वाचता येत होता.

मी तिथे असताना आजोबांनी मला एका सामन्याला नेलं. खेळाबद्दल काय लिहू, पूर्वार्धभर वाऱ्याने चेंडू आणि माझे कान दोन्ही उडत होते. मेयॉनीजमध्ये बुडवलेल्या जाड बटाट्याच्या फ्राइज खाल्ल्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढून मला बसायला दिली, कारण खुर्ची ओली होती. त्या रेफरीला जे म्हणत होत्या ते आजोबांनी भाषांतर करून सांगायला नकार दिला.

नंतरचं मी इथून, मोबाइलवर बघत आलो. २०२० मध्ये कोविडने मोसम एक सामना बाकी असताना थांबला तेव्हा वासलँड-बेव्हेरन तळाला होतं. ते भांडले, लीग मोठी झाली आणि वाचले. पुढच्याच वर्षी सेरँगकडून हरून घसरले. २०२२ मध्ये क्लबने जोडनाव टाकून जुनं नाव घेतलं, एस. के. बेव्हेरन. आजोबांनी तेव्हा मला व्हॉट्सॲपवर नुसता एक अंगठा पाठवला. उत्साहाचा होता की कसला, कळलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मला बारीची गोष्ट सांगितली. बूबाकार बारी, टोपणनाव कोपा. आबिजानच्या पोरांतला हा फार लांब गेलाच नाही. बेव्हेरन बुडायला लागलं तेव्हा २००७ मध्ये लोकेरनच्या क्लबात गेला. लोकेरन म्हणजे त्याच रेल्वेमार्गावर, सिंट-निकलासच्या पुढे काही स्टेशनं. बाकीचे लंडन-बार्सिलोना करत होते आणि हा दहा वर्षं वासलँडच्या, म्हणजे याच पट्ट्याच्या, त्याच धुक्यात गोलमध्ये उभा होता.

८ फेब्रुवारी २०१५, आफ्रिका कपचा अंतिम सामना, इक्वेटोरियल गिनीतलं बाटा शहर. आयव्हरी कोस्ट विरुद्ध घाना. बारी पस्तीस वर्षांचा, राखीव गोलकीपर. पहिल्या पसंतीचा गोलकीपर जखमी झाला म्हणून उतरला. कर्णधार याया तूरे. जेर्व्हिन्योला शेवटच्या क्षणी बाहेर काढलेलं, आणि पेनल्टी बघवत नाहीत म्हणून तो मैदानाकडे पाठ करून खुर्चीवर बसलेला. म्हणजे बेव्हेरनच्या बस थांब्यावरून गेलेले तिघं तिथे. १२० मिनिटं ०-०. पेनल्टीत आयव्हरी कोस्टचे पहिले दोन फटके वाया. मग घानाचे दोन. मग कुणी चुकेना. सगळे खेळाडू संपले आणि शेवटी गोलकीपर विरुद्ध गोलकीपर. पायात गोळे आल्याने बारी मध्येच जमिनीवर आडवा पडला होता. उठला. घानाच्या गोलकीपरचा फटका त्याने अडवला. मग स्वतःच चेंडू घेऊन ठिपक्यावर ठेवला.

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?" मी विचारलं.

"इथेच. याच खुर्चीत. खिडकी उघडून ओरडलो, बायको म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, आपला गोलकीपर जिंकला."

"पण तो तर तेव्हा लोकेरनचा होता ना?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि रिकामा ग्लास उचलून स्वयंपाकघरात गेले. नळाचा आवाज आला. ग्लास विसळता विसळता तिथूनच म्हणाले, उद्या सातची गाडी आहे तुझी, आता झोप.